भरलेली खाचरं

नानशाच्या बसथांब्यावर फेब्रुवारीअखेरीसही घाम येत होता. चीनच्या युनान प्रांतात, लाल नदीच्या काठी वसलेलं हे युआनयांग तालुक्याचं ठाणं. समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम अडीचशे मीटर. आजूबाजूला केळी आणि ऊस. बस घाटाला लागली की तासाभरात सगळं बदलतं. खिडक्या बंद होतात, पिशव्यांतून स्वेटर निघतात, आणि शिनजिए गाव येईपर्यंत आपण दीड हजार मीटरच्या वर, दाट धुक्यात असतो. समोरचा ट्रक दिसत नाही, फक्त त्याचा भोंगा ऐकू येतो.

या धुक्याला वैतागू नये. इथली शेती त्याच्यावरच चालते.

लाल नदीचं खोरं उष्ण आहे. तिथली वाफ आयलाओ पर्वताच्या अंगाने वर चढते, माथ्यावरच्या जंगलाला अडते, गार होते आणि झाडांवरून टिपकत राहते. पावसाळ्यातलं पाणी जंगलाची जमीन धरून ठेवते आणि ते वर्षभर झऱ्यांतून, उपळांतून पाझरतं. म्हणून दोन हजार मीटरच्या वरचं रान इथले हानी लोक तोडत नाहीत. रानाच्या खाली गावं, गावांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि सगळ्यात खाली नदी. हा क्रम इथे प्रत्येक डोंगरावर सापडतो. गाव मध्ये ठेवण्यातही हिशेब आहे. वरून पिण्याचं पाणी आपोआप दारात येतं आणि गोठ्यातलं शेण पुढे उतारानेच शेतात जातं. चढावर वाहायला लागतं ते एकच, सुगीचं धान्य.

माणसंही उंचीप्रमाणे वाटली गेली आहेत. खोऱ्यात दाई, थोडं वर झुआंग, मग यी, मग हानी आणि त्यांच्याही वर म्याओ आणि याओ. काटेकोर रेषा अर्थातच नाही, यी आणि हानी शेजारी शेजारी नांदतात. पण बाजाराच्या दिवशी शेंगत्सुनला गेलं तर बायकांच्या पेहरावावरून कोण किती उंचावरून उतरलं आहे, याचा अंदाज बांधता येतो.

हानींना स्वतःची लिपी नव्हती, ती १९५७ साली रोमन अक्षरांवरून बेतली गेली. त्यामुळे ही खाचरं कधी आणि कोणी खोदली याचा इतिहास त्यांच्या स्थलांतराच्या लांबलचक गाण्यांत आहे. उत्तरेकडून सरकत सरकत आपले पूर्वज इथवर आले, असं ती गाणी सांगतात. लेखी पुरावा चिनी बाजूचा. नवव्या शतकात तांग दरबारच्या फान छुओ नावाच्या अधिकाऱ्याने युनानवर पुस्तक लिहिलं, त्यात इथल्या डोंगरी शेतीच्या कसबाची वाखाणणी आहे. युनेस्कोने २०१३ साली हा प्रदेश जागतिक वारशात घेतला तेव्हा खाचरांचं वय १३०० वर्षं धरलं आणि १६,६०३ हेक्टर क्षेत्र नोंदवलं. त्यात खाचरांचे तीन मोठे पट्टे येतात. बादाचा उतार सौम्य, दोयीशूचा त्याहून तीव्र आणि लाओहूत्सुईचा, म्हणजे वाघाच्या जबड्याचा, सरळ अंगावर येणारा.

दोयीशूला पहाटे पाहण्याच्या जागेवर तिपायांचं रान उगवतं. सूर्य वर आला की हजारो खाचरांतलं पाणी आधी जांभळं, मग तांबूस, मग झगझगीत होतं. काही खाचरांवर अझोला नावाचं पाणनेचं पसरलेलं असतं, थंडीत ते लालभडक होतं आणि फोटोत शोभून दिसतं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात यान लेमा या फ्रेंच छायाचित्रकाराने इथली छायाचित्रं जगापुढे नेली, तेव्हापासून ही गर्दी वाढतच गेली. दृश्य विलक्षण आहे, त्यात वाद नाही. पण ऊन वर चढलं की तिपाया मिटतात, गाड्या निघून जातात, आणि खरं पाहण्यासारखं त्यानंतर सुरू होतं.

कारण मनात प्रश्न येतोच. कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकली, रोपं लागणार एप्रिलच्या शेवटी. मग मधले सहा महिने खाचरात पाणी कशाला? आपल्याकडे भात निघालं की खाचर वाळतं, भेगाळतं, त्यात गुरं चरतात. कोणी त्याची फिकीर करत नाही.

उत्तर मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून मिळालं. आमची दुभाषी त्याच्याच वाडीतली मुलगी, कुनमिंगला शिकणारी. ती त्यांना आजोबा म्हणायची, मग मीही आजोबाच म्हणू लागलो. आजोबा गुडघाभर चिखलात उभे होते आणि फावड्यासारख्या रुंद पात्याच्या कुदळीने वरच्या खाचराच्या भिंतीची हजामत करत होते. भिंतीवरचं गवत, मुळं, सैल माती सपासप कापून खाली स्वतःच्या खाचरात पाडायची. मग खाचरातला घट्ट चिखल कुदळीवर घेऊन बांधाच्या माथ्यावर आणि आतल्या अंगाला थापायचा, पात्याच्या पाठीने गुळगुळीत करायचा. हे दर वर्षी, प्रत्येक बांधाला. ते म्हणाले, "माती ओली आहे तोवर ती एकजीव असते. एकदा वाळली की फाटते. फाटलेल्या बांधात पाणी सोडलं की ते आतल्या आत वाट काढतं आणि एका रात्रीत बांध बसतो. आणि माझा बसला की खालच्याचा बसतो."

म्हणजे हिवाळ्यातलं ते पाणी शोभेसाठी नाही, पुढच्या पिकासाठीही नुसतं साठवलेलं नाही. पाणी हा त्या बांधकामाचाच भाग आहे. इथल्या बहुतेक बांधांत दगड नाही, चुना नाही, सिमेंट तर नाहीच. चिकण मातीची भिंत आणि तिला भिजत ठेवणारं पाणी, एवढ्यावर डोंगर उभा आहे. खाचरं १३०० वर्षांपूर्वी बांधली गेली, हे वाक्य त्यामुळे मला अर्धवट वाटू लागलं. ती दर हिवाळ्यात बांधली जातात.

नवं खाचर पाडायचं तर सुरुवात जमिनीपासून होत नाही, पाण्यापासून होते. वर झरा कुठे आहे, तो उन्हाळ्यात आटतो का, त्याचं पाणी या अंगाला वळवता येईल का, हे आधी पाहायचं. उतार साफ करून त्यावर काही वर्षं कोरडवाहू पीक घेतात. त्यात दगड निघतात, मुळं कुजतात, माती मोकळी होते आणि तिचा स्वभावही कळतो. मग उताराच्या आडव्या रेषेवर पायऱ्या खोदायच्या. पाऊस कमी आणि माती घट्ट असते तो हिवाळा-वसंताचा काळ खोदकामाचा. वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला टाकायची, ढेकळं आणि गवताची मुळं धरलेली ढलपी एकावर एक रचायची, प्रत्येक थर पायाने तुडवून बसवायचा. उतार सौम्य असेल तिथे खाचर ऐसपैस होतं. लाओहूत्सुईसारख्या ठिकाणी एखादं खाचर बाजेएवढं असतं, रेडा त्यात वळू शकत नाही, ते कुदळीनेच करायचं.

सपाटी मोजायला साधन एकच, पाणी. खोदलेल्या पायरीत थोडं पाणी सोडलं की उंचवटा कुठे, खोलगट कुठे, ते तेच सांगतं. उंचवट्याची माती ओढून खोलगटात टाकायची आणि पुन्हा पाणी सोडायचं. पातळी जमली की नांगर आणि चिखलणी. तीनदा नांगरणं आणि तीनदा कुळवणं हा इथला जुना दंडक आहे. रेड्याच्या आणि माणसाच्या पायांनी तळाची माती इतकी कालवली जाते की तिचा एक घट्ट थर बसतो आणि पाणी खाली जिरायचं थांबतं. पहिली काही वर्षं नवं खाचर गळतंच. वाम माशांनी आणि उंदरांनी पाडलेली बिळं तर कायमची डोकेदुखी. आजोबांनी बोलता बोलता पायाच्या अंगठ्याने असं एक बीळ शोधलं आणि त्यात चिखलाचा गोळा दाबून बसवला. बोलणं थांबलं नाही.

नांगर आणि बांध पुरुषांकडे, रोपं लावणं बायकांकडे, अशी जुनी वाटणी आहे. आता पुरुष शहरात गेले आहेत, त्यामुळे ती ढिली झाली आहे. त्या दिवशी शेजारच्या खाचरात रेड्यामागे एक बाईच होती.

पाणी जंगलातून खाचरापर्यंत कसं येतं, हे पाहायला आम्ही एका पाटाच्या कडेकडेने वर चालत गेलो. वारसा क्षेत्रात चार मुख्य पाट आणि ३९२ उपपाट आहेत, सगळ्यांची मिळून लांबी सुमारे ४४५ किलोमीटर. पाट डोंगराच्या कडेला कोरलेला, दोन-अडीच फूट रुंद, उतार इतका अल्प की पाणी कुठल्या दिशेने चाललं आहे ते पान टाकून बघावं लागतं. वाटेत दरड पडलेली असते, पाचोळा तुंबतो, म्हणून प्रत्येक पाटाला एक राखणदार असतो. पाण्याचे हक्कदार मिळून त्याला नेमतात आणि पूर्वीपासून त्याचा मोबदला धान्यात चुकता करतात, ज्याचं खाचर जेवढं, तेवढा त्याचा वाटा. मला पांझरा नदीच्या काठची फड सिंचनपद्धत आणि तिथला पाटकरी आठवला. धुळ्याकडच्या त्या पद्धतीत आणि या पद्धतीत काही नातं असण्याचं कारण नाही, पण पाणी वाटायची वेळ आली की माणसं बहुधा याच तोडग्यावर येतात.

वाटपाचं यंत्र पाहून मात्र मी थक्क झालो. जिथे एका पाटाचे दोन-तीन फाटे होतात तिथे पाण्यात आडवा एक लाकडी ओंडका बसवलेला. त्याच्या माथ्यावर वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा. ज्या फाट्याखाली जमीन जास्त त्याची खाच रुंद, ज्याखाली कमी त्याची अरुंद. ओंडका सपाट बसलेला असल्याने पाण्याची पातळी सगळीकडे सारखी, म्हणून खाचेची रुंदी म्हणजेच हिस्सा. पाणी वाढलं तरी प्रमाण तेच, आटलं तरी तेच. खाचा सगळ्यांच्या देखत ठरवून कोरायच्या, आणि एकदा बसवल्यावर त्यांना कोणी हात लावायचा नाही. काही ठिकाणी लाकडाऐवजी दगड असतो. ना किल्ली, ना मीटर, ना रात्रीची पाळी. आपल्याकडच्या कालव्यांच्या शेवटच्या टोकाला असणाऱ्यांनी ही वस्तू जरूर बघावी.

पाटातून फक्त पाणी उतरत नाही. गावाच्या खालच्या अंगाला शेणखताचा एक मोठा खड्डा असतो, त्यात वर्षभर गुरांचं शेण आणि राख साठते. नांगरणीच्या दिवसांत पाटाचं पाणी त्यातून सोडतात आणि काळं पाणी थेट खाचरात जातं. वाटेत एक जण उभा राहून ते ढवळत असतो, आणि ज्याची पाळी नसेल त्या शेताचं तोंड बंद करतो. जून-जुलैच्या मोठ्या पावसात जंगलातला कुजलेला पालापाचोळा वाहून येतो, तोही असाच खाचरांत घेतात. टोपल्या वाहून थकण्यापेक्षा डोंगराच्या उताराला कामाला लावलं आहे.

भात एकच पीक, वर्षातून एकदा. या उंचीवर थंडी दुसरं होऊ देत नाही. मार्चच्या सुमारास रोपवाटिकेत बी पेरतात, एप्रिल-मेमध्ये लावणी, आणि पीक हाती येतं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात खाचर मोकळं नसतं. त्यात कार्प मासे सोडतात, गोगलगायी आणि चिखलातले छोटे मासे आपोआप येतात, रोपं जरा जोमात आली की बदकं सोडतात. बदकं किडे आणि तण खातात, त्यांची विष्ठा खत होते. बांधाच्या माथ्यावर सोयाबीन लावतात. खारवलेली बदकाची अंडी हा इथला नावाजलेला जिन्नस, आतला बलक शेंदरी आणि तेलकट. शेंगत्सुनच्या बाजारात मी एक तिथेच फोडून खाल्लं, मिठाने तोंड आलं तरी दुसरं मागितलं.

घराघरांच्या भिंतीला लाकडी कोटंब्या टेकवून ठेवलेल्या दिसल्या, छोट्या होडीच्या आकाराच्या. कापणीच्या वेळी त्या खाचरात ओढून नेतात, चिखलावरून सहज घसरतात. कापलेली पेंढी कोटंबीच्या कडेवर आपटून तिथल्या तिथे झोडणी. ओली पेंढी खळ्यापर्यंत वाहायला नको, खळ्यासाठी सपाट जागाही नको. डोंगरात सपाट जागा हीच सगळ्यात महाग वस्तू.

तांदूळ लाल. साल लाल, आतून गुलाबी, शिजायला वेळ घेणारा, तोंडात जरा भरड. पहिल्या दिवशी तो मला फारसा रुचला नाही, चौथ्या जेवणापर्यंत पांढरा भात पिठूळ वाटू लागला. वाण एक नाही, चाळीसहून अधिक स्थानिक वाण अजून टिकून आहेत. उंचीप्रमाणे, पाण्याच्या गारव्याप्रमाणे वेगवेगळे. शेतकरी गावागावांत बियाण्याची अदलाबदल करत राहतात. उत्पन्न संकरित भातापेक्षा कमी, पण हे वाण थंड पाण्यात आणि खताशिवाय तग धरतात, आणि ताट उंच असल्याने पेंढा भरपूर मिळतो.

एकाच खोऱ्यात अनेक वाण असण्याचा फायदा विज्ञानानेही मोजला आहे, आणि तो याच परिसरात. लाल नदीच्या पलीकडच्या च्येनशुई आणि शीपिंग या शेजारच्या तालुक्यांत युनान कृषी विद्यापीठाच्या चू यूयोंग यांनी १९९८ आणि १९९९ साली हजारो शेतकऱ्यांना घेऊन प्रयोग केला. संकरित भाताच्या चार ओळी झाल्या की मध्ये एक ओळ जुन्या चिकट भाताची. हा चिकट भात करपा रोगाला चटकन बळी पडणारा. मिश्र लावणीत त्याच्यावरचा करपा एकट्याने लावलेल्या शेताच्या तुलनेत ९४ टक्क्यांनी घटला आणि त्याचं उत्पन्न ८९ टक्क्यांनी वाढलं. दोन वर्षांत बुरशीनाशक फवारायचंच बंद झालं. २००० साली 'नेचर'मध्ये हा निबंध आला. ती शेतं खोऱ्यातली होती, खाचरांची नव्हती. पण रोगाला सलग एकसारखं शिवार मिळू द्यायचं नाही, हे तत्त्व हानींच्या बियाण्याच्या पोत्यांत आधीपासून होतं.

पेंढा भरपूर हवा याला आणखी एक कारण होतं, घरं. मातीच्या विटांची जाड भिंत आणि वर चारी बाजूंनी उतरणारं गवताचं किंवा पेंढ्याचं छप्पर, त्यामुळे त्यांना अळंबी-घरं म्हणतात. खाली गुरं, मध्ये माणसं आणि न विझणारी चूल, माळ्यावर धान्य. चुलीचा धूर माळ्यावर जातो, धान्य कोरडं राहतं, छपराला कीड लागत नाही. अशी घरं आता मोजक्या वाड्यांत उरली आहेत. पुष्कळ ठिकाणी सिमेंटच्या घराला मातीचा रंग देऊन वर गवताची टोपी चढवली आहे. पर्यटकाला बरं वाटतं, पण त्या घरात चुलीचा धूर जाणार कुठे, हे विचारायची सोय नाही.

प्रत्येक गावाच्या वरच्या अंगाला एक देवराई आहे. तिथल्या झाडाला हात लावायचा नाही, आणि एका विशिष्ट झाडाला गावदेवाचं ठाण मानतात. वर्षारंभी लावणीच्या आधी अंगमातू हा सण होतो. मिगू म्हणजे गावचा पुजारी त्या झाडापाशी बळी देतो, नंतर गल्लीत एकापुढे एक मेजं मांडून सारं गाव जेवायला बसतं. श्रद्धा म्हणून जे चाललं आहे त्यात पाणलोटाचं रक्षणही होतं, हे म्हणायला सोपं आहे. हानींना ते वेगळं काढून सांगावं लागत नाही.

आता अडचणीची बाजू. २०१० साली युनानमध्ये मोठा दुष्काळ पडला, वरचे झरे आटले आणि खाचरं फाटली. भेगाळलेलं खाचर पुन्हा पाणी धरण्याजोगं करायला किती कुदळी लागतात, हे वर आलंच आहे. तरुण माणसं कुनमिंगला, ग्वांगदोंगच्या कारखान्यांत आहेत. यंत्र इथे चढत नाही, ट्रॅक्टर तर दूरच. मग कुणी खाचर कोरडं करून मका लावतो, त्यात कष्ट कमी. पण मक्याचं खाचर म्हणजे मधलीच एक सुकलेली पायरी, आणि तिची गळती खालच्या शेजाऱ्याला भोगावी लागते. एकाच्या घरचा निर्णय इथे एकाच्या घरचा राहत नाही.

आझके या साठ-पासष्ट उंबऱ्यांच्या वाडीत २०१८ पासून एक वेगळा प्रयोग चालू आहे. सुन यात-सेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आखलेली योजना, वाडीची स्वतःची कंपनी आणि गावात शिरायला तिकीट. नफ्यातले ७० टक्के गावकऱ्यांना, ३० टक्के कंपनीकडे. गावकऱ्यांच्या वाट्याची फोड मला सगळ्यात बोलकी वाटली. ४० टक्के जुनं घर राखल्याबद्दल, ३० टक्के खाचर राखल्याबद्दल, २० टक्के गावात प्रत्यक्ष राहिल्याबद्दल आणि १० टक्के गावच्या दफ्तरी नाव असल्याबद्दल. म्हणजे शहरात जाऊन बसलेल्याला वाटा मिळतो, पण तुटपुंजा. घर पाडून सिमेंटचं केलं तर मोठा हिस्सा गेला. तिकीट काढून लोक ज्या बांधांचे फोटो काढतात, त्या बांधांना कुदळ लावणाऱ्याला त्यातले पैसे मिळावेत, ही साधी गोष्ट आहे, पण पर्यटनाच्या धंद्यात ती क्वचितच होते.

घराला खाचरापेक्षा जास्त टक्के का, यावर मी दुभाषी मुलीशी बराच वाद घातला. माझं म्हणणं, छप्पर काही वर्षांनी शाकारायचं, बांध दर वर्षी लिंपायचा, तर मोठा वाटा बांधाला हवा. ती म्हणाली, जुन्या घरात ओल असते, अंधार असतो, धूर असतो, नव्या सुनेला त्यात राहायला तयार करणं बांध लिंपण्याहून कठीण आहे. यावर मला बोलता आलं नाही.

जायचं असेल तर कुनमिंगहून रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर, वाटेत च्येनशुईचं जुनं शहर पाहता येतं. पाण्याने भरलेल्या, आरशासारख्या खाचरांचे फोटो हवे असतील तर डिसेंबर ते मार्च, आणि धुक्यासाठी एखादा दिवस हातात जास्तीचा ठेवावा. शेती पाहायची असेल तर लावणीला, मे महिन्याच्या आसपास जावं. तेव्हा पहाटेच्या जागांवर रेटारेटी नसते, खोल्यांचे भाव उतरलेले असतात, आणि खाचरांत माणसं असतात.